अस्वल संगणक बंद का करत नसे

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल राहत होतं, आणि ते अस्वल म्हणजे मीच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गोष्टीच्या शेवटी मी मोठा गौप्यस्फोट करणार, आणि तुम्ही म्हणणार, आम्हाला हे कधीच कळलं होतं. तुम्ही हल्लीची मुलं. तुमच्यापुढे आव आणण्यात अर्थ नाही.

पण बोधकथेत 'मी' चालत नाही. 'मी' आला की बोध पातळ होतो. म्हणून इथून पुढे मी त्याला अस्वलच म्हणेन. मध्येच त्याची बाजू घेताना दिसलो तर समजून घ्या.

तर हे अस्वल लेखक होतं. त्याचं नाव त्र्यंबकराव. त्याने वारुळांवर एक पुस्तक लिहिलं होतं. ते कोणी वाचलं नव्हतं. पण जंगलात पुस्तक लिहिलेला प्राणी तो एकटाच, त्यामुळे मधमाश्यांच्या हळदीकुंकवापासून रानडुकरांच्या कुस्त्यांपर्यंत सगळीकडे त्याला पहिल्या रांगेत बसवत. अस्वलाला ते फार आवडे. तिथे बसून ते गंभीर चेहरा करी. तो चेहरा त्याने आरशात बसवून घेतलेला होता.

अस्वलाच्या गुहेत एक संगणक होता. टेबलावर ठेवायचा, मोठा, ज्याचा डबा वेगळा आणि पडदा वेगळा असतो तसा. अस्वलाच्या बायकोने, म्हणजे कुमुदने, त्या डब्याला क्रोशाचं झाकण विणलं होतं. झाकण इतकं सुरेख होतं की संगणक चालू असतानाही ते काढायला कोणाचं मन होत नसे. त्यामुळे डबा तापायचा. त्या उबेला कुमुद विरजण ठेवायची. दही घट्ट लागायचं. संगणकापासून त्या घराला झालेला तेवढा एकच फायदा मला आठवतो.

एके दिवशी, पोळ्याच्या सुमारास, हत्ती अस्वलाकडे आला. हत्ती जंगलातल्या प्रत्येक समितीचा अध्यक्ष होता.

"त्र्यंबकराव," हत्ती म्हणाला, "आपले कासवगुरुजी दसऱ्याला निवृत्त होत आहेत. त्यांना तीनशे वर्षं पूर्ण होतात. आता आणखी मुदतवाढ नको म्हणतात. मानपत्र तुम्ही लिहायचं."

मुलांनो, कासवगुरुजींनी त्या जंगलातल्या प्रत्येकाला अक्षर शिकवलं होतं. हत्तीला, हत्तीच्या बापाला, हत्तीच्या आज्यालाही. पण अस्वलाची गोष्ट वेगळी होती. या पोराच्या पंजातून अक्षर उमटणार नाही, असं सगळ्यांनी सांगून टाकलं होतं. ते गुरुजींनी उमटवलं. अस्वलाच्या नावापुढे जे काही लेखक-बिखक लागलं, ते गुरुजींमुळे. आणि एवढ्या वर्षांत अस्वलाने त्यांना एकदाही तसं सांगितलं नव्हतं. पुस्तकाच्या ऋणनिर्देशात वाळवीचे आभार मानले होते, गुरुजी राहून गेले होते.

म्हणून अस्वलाला मनापासून वाटलं, हे मानपत्र असं लिहू की गुरुजींना सगळं एकदम पोचेल.

त्याच दिवशी त्याने संगणक चालू केला, कोरं पान उघडलं आणि लिहायला बसलं.

संध्याकाळी संगणकाने विचारलं, हे सेव्ह करायचं आहे का? अस्वल म्हणालं, हो. संगणकाने विचारलं, नाव काय देऊ?

इथे अस्वल अडलं.

"मानपत्र असं नाव द्या," कुमुद भाकरी थापता थापता म्हणाली.

"मानपत्राला मानपत्र?" अस्वल म्हणालं. "अगं, शीर्षक म्हणजे लेखनाचा प्राण असतो. ते सगळं लिहून झाल्यावर आतून यावं लागतं."

"मग उद्या बदला. आजपुरतं द्या."

"आजपुरतं नाव देणारे लेखक वेगळे."

असं म्हणून अस्वलाने पान तसंच उघडं ठेवलं. आता पान उघडं म्हणजे संगणक चालू. संगणक बंद केला तर लिहिलेलं गेलं. म्हणून संगणक बंद करायचाच नाही, असं ठरलं. वाचताना तुम्हाला यात मूर्खपणा दिसत असेल. करताना तो दिसत नाही, एवढं मी जबाबदारीने सांगतो.

दिवस गेले. आठ झाले, पंधरा झाले. कुमुद विचारी, "किती झालं?" अस्वल म्हणे, "चाललंय." मग हत्तीने विचारलं. हत्तीला नुसतं चाललंय कसं सांगणार? अस्वल म्हणालं, "सात पानं झाली." पुढच्या आठवड्यात रानगव्याने विचारलं. त्याला बारा सांगितली. गणपती जाऊन पितृपक्ष लागला. तोवर बावीस पानं झाली होती, असं अस्वल सांगत असे.

इकडे संगणकाची तब्येत बिघडत चालली. एक अक्षर दाबावं, चहा ठेवावा, चहा प्यावा, कप विसळावा, आणि परत येऊन बघावं, तर ते अक्षर नुकतंच उमटत असे. डब्यातला पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. वीज गेली की खालचा यूपीएस टीं-टीं करून रडायचा. मग अस्वल हातातलं टाकून त्याच्याशेजारी मांडी घालून बसे, आणि वीज येईपर्यंत त्याच्यावर पंजा फिरवत राही. यूपीएसला पंजा फिरवून काही होत नाही. अस्वलाला बरं वाटे.

शेवटी कुमुदने कोल्ह्याला बोलावलं. कोल्ह्याचं ओढ्याकाठी दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने झाकण काढलं, दह्याचं भांडं बाजूला केलं, डब्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

"शेवटचा कधी बंद केला होता?" कोल्ह्याने विचारलं.

"पोळ्याला," कुमुद म्हणाली.

"काका, आठवड्यातून एकदा तरी बंद करून चालू करत जा. त्याच्या डोक्यात नको ते साचतं. बंद केला की सगळं रिकामं होतं. रोज केलात तरी बिघडत नाही. आत्ता फाइल सेव्ह करा, मी बंद करून दाखवतो."

एवढं साधं उत्तर. पण मुलांनो, लहानपणापासून जेवढ्या बोधकथा आम्हाला सांगितल्या गेल्या, त्या प्रत्येकीत कोल्ह्याचं ऐकणारा प्राणी फसला होता. अस्वलाने कोल्ह्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग ते घुबडसरांकडे गेलं. घुबडसर जंगलातले विद्वान.

"कधीच बंद करू नये," घुबडसर म्हणाले. "बल्ब पाहिला आहेस? जळत असताना उडत नाही. बटण दाबलं की उडतो. यंत्राला धक्का बसतो तो सुरू होताना. जो कधी बंदच होत नाही, त्याला सुरू व्हावं लागत नाही."

हे अस्वलाला एकदम पटलं. आपल्याला हवं तेच सांगणारा माणूस विद्वान असला की फार समाधान मिळतं.

पण रानकोंबड्याला हे कळलं आणि तो चिडला. त्याचं म्हणणं, संगणक सूर्यास्ताला बंद आणि सूर्योदयाला चालू, याला शिस्त म्हणतात, आणि घुबडाला सूर्योदयाचं काय कळणार? झालं. जंगलात दोन तट पडले. एक चालूवाले, एक बंदवाले. एकाच फांदीवरच्या दोन साळुंक्या एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. हत्तीने यावर परिसंवाद ठेवला. विषय होता, 'गृहसंगणकास विश्रांती : किती आणि केव्हा?'

अस्वलाने त्यात चाळीस मिनिटांचा निबंध वाचला. त्यात त्याने यंत्राचा आत्मा, सातत्य आणि साधना असे शब्द वापरले. निबंध त्याने वहीत लिहून नेला होता, कारण संगणकावर तो तीन वर्षांत टाइप झाला नसता. शेवटी अध्यक्ष हत्ती म्हणाला की ज्याने त्याने आपापल्या प्रकृतीप्रमाणे करावं. नंतर कळलं की हत्तीचा संगणक अजून खोक्यातच होता. सोंडेला बटण सापडत नव्हतं.

आणि खंडेनवमी आली. एकेचाळिसावा दिवस.

खंडेनवमीला आमच्या जंगलात अवजारांची पूजा होते. कुऱ्हाड, खुरपं, विळी, शिवणयंत्र, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचं फूल ठेवायचं, आणि त्या दिवशी त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस त्यांचा.

कुमुद तबक घेऊन संगणकापाशी आली.

"अहो, हे बंद करा."

"चालू असतानाच कर पूजा," अस्वल म्हणालं.

"चालू अवजाराची पूजा नसते. मी शिवणयंत्राला आज शिवत नाही. विळी पाटावर आहे म्हणून सकाळपासून फळं खातोय आपण. यालाच काय झालंय?"

"यात गुरुजींचं मानपत्र आहे."

"बावीस पानं झाली ना? मग नाव द्या आणि मिटवा. उद्या वाचायचंय."

"आंघोळ करून येतो," अस्वल म्हणालं. "आंघोळीत नाव सुचेल."

अस्वल ओढ्यावर गेलं. ते दोन तास डुंबलं. नाव सुचलं नाही. परत आलं तेव्हा गुहेत एक विचित्र शांतता होती. घरघर नव्हती. पडदा काळा होता. डब्यावर हळदकुंकवाची पाच बोटं होती, आणि वर झेंडूचा टपोरा हार.

कुमुदला एकच बटण ठाऊक होतं, भिंतीवरचं. तिने ते खाली ओढलं होतं, आणि यूपीएस रडून रडून थकला होता.

"मुहूर्त टळत होता," ती म्हणाली. मग अस्वलाचा चेहरा बघून घाबरली. "गेलं का हो सगळं?"

अस्वल मटकन खाली बसलं. त्याने दोन्ही पंजे डोक्याला लावले. पण मुलांनो, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्या क्षणी आत कुठेतरी त्याला फार हलकं वाटलं. एकेचाळीस दिवसांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

बातमी पसरली. दुपारपासून प्राणी भेटायला येऊ लागले. दारात चपला काढून, आवाज खाली करून, एकेक जण बसून जाऊ लागला.

"कधी गेलं?" रानगव्याने विचारलं.

"सकाळी. मी आंघोळीला गेलो होतो."

"काही त्रास?"

"नाही. बसल्या जागी गेलं."

"किती पानांचं होतं?"

"बावीस."

"काय लिहिलं होतं हो," हत्ती डोळे पुसत म्हणाला. त्याने त्यातली एक ओळही वाचली नव्हती. "असं मानपत्र पुन्हा होणे नाही."

घुबडसर दिवसाढवळ्या आले, डोळे किलकिले करून. "मी सांगत होतो," ते म्हणाले. "बंद करू नका." रानकोंबडा मान खाली घालून कोपऱ्यात उभा राहिला. कोल्हा आला, त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत गेला. आणि बिचारी कुमुद दिवसभर चुलीपाशी बसून रडत होती. अस्वलाला तिला सांगता आलं असतं. अस्वलाने सांगितलं नाही. याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी उत्तरपूजा झाली, आणि कुमुदने भिंतीवरचं बटण वर केलं.

संगणक एका दमात उठला. पंखा गुळगुळीत फिरला. पडदा लख्ख उजळला, आणि त्यावर एक चौकट आली. तीत लिहिलं होतं की मागच्या वेळी न जपलेली एक फाइल सापडली आहे, पाहायची आहे का?

"अहो," कुमुद ओरडलीच. "आहे. सगळं आहे." आणि अस्वलाने नको म्हणायच्या आत तिने हो दाबलं.

फाइल उघडली. तीन ओळी होत्या.

'परमपूज्य, प्रातःस्मरणीय, ज्ञानभास्कर, विद्यामहर्षी, शीलवंत, धैर्यवंत, दीर्घायुषी गुरुवर्य, आज आपले मानपत्र लिहिण्याचा बहुमान माझ्यासारख्या नामवंत लेखकास लाभला आहे, कारण'

कारणच्या पुढे ती उभी रेघ लुकलुकत होती.

कुमुदने खाली पाहिलं. खाली काही नव्हतं. मग तिने ते पुन्हा वाचलं, सावकाश, ओठ हलवत.

"बावीस पानं कुठे आहेत?" तिने विचारलं.

अस्वल डब्यावरचं हळदकुंकू पंजाने पुसू लागलं.

"आणि यात गुरुजी कुठे आहेत?"

अस्वलाला पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा जास्त लागला. रोज सकाळी ते त्या 'कारण'पुढे बसलं होतं. मनात पुष्कळ होतं. पण जे मनात होतं ते इतकं साधं होतं की नामवंत लेखकाला ते शोभेना. आणि शोभेल असं काही येत नव्हतं.

"मी काल दिवसभर रडले," कुमुद म्हणाली.

"तिथे सगळ्यांना खरं सांगतो," अस्वल म्हणालं, आणि त्याने फाइल पुसून टाकली.

दुपारी मोहाच्या झाडाखाली सगळं जंगल जमलं. गुरुजी खुर्चीवर होते. खुर्चीत ते दिसत नसत म्हणून खाली दोन पाट आणि एक उशी घातली होती. अस्वल उभं राहिलं. कुमुद दुसऱ्या रांगेतून त्याच्याकडे बघत होती. अस्वलाने घसा खाकरला. समोर रानगव्याचे, हत्तीचे, साळुंक्यांचे डोळे आधीच भरलेले. एवढी सहानुभूती त्याला आयुष्यात मिळाली नव्हती.

"मंडळी," अस्वल म्हणालं, "नियतीने माझ्या बावीस पानांवर घाला घातला."

जंगल हळहळलं. कुमुदने पदराचं टोक दातात धरलं आणि दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात गुरुजींनी मान बाहेर काढली. त्यांना मान बाहेर काढायला वेळ लागतो, म्हणून सगळे थांबले.

"अरे त्र्यंबक," गुरुजी म्हणाले, "दुसरीत असताना तू सांगितलं होतंस, गृहपाठाची वही ओढ्यात वाहून गेली म्हणून."

"हो गुरुजी."

"तेव्हाही मी तुला काही म्हटलं नव्हतं."

"नाही गुरुजी."

"तेव्हा काय केलं होतं आपण?"

अस्वलाचा बसवून घेतलेला चेहरा कुठल्या कुठे गेला. ते हळूच म्हणालं, "तोंडी घेतला होता गृहपाठ."

"मग सांग. येईल तेवढं."

आणि अस्वलाने सांगितलं. "गुरुजी, माझ्या पंजात पेन्सिल मोडायची. रोज मोडायची. सगळे हसायचे. तुम्ही मला ओढ्यावर नेलंत आणि ओल्या वाळूत नखाने लिहायला दिलंत. बाकीची मुलं सुटून घरी जायची आणि तुम्ही माझ्यासाठी थांबायचात. तुमची चाल अशी, तुम्हाला घरी पोचायला किती उशीर होत असेल, हे मला कधी सुचलं नाही. मला आता सुचतंय. मला तुमच्याशिवाय एक अक्षरही आलं नसतं. एवढंच."

एवढंच. पाऊण मिनिटसुद्धा झालं नाही. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांचे हात पोचत नसत, म्हणून अस्वलानेच पंजाने पुसलं. पुसताना ते स्वतःही रडत होतं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जंगलात कोणतीही गोष्ट पाऊण मिनिटात संपत नाही. घरी जाताना हत्ती रानगव्याला म्हणाला, "उत्स्फूर्त बोलला, बरं बोलला. पण त्या बावीस पानांची सर नाही." रानगवा म्हणाला, "छे, ती गोष्टच वेगळी होती." दुसऱ्याच दिवशी समितीने ठराव केला की या दुर्घटनेपासून धडा घेऊन जंगलातल्या कोणीही आपला संगणक कधीही बंद करू नये. घुबडसर आजही भाषणात त्या बावीस पानांचा दाखला देतात. सगळं जंगल घरघरतं आहे. एकेक अक्षर उमटायला चहाचा एकेक कप लागतो. आणि समितीने नंतर काढलेल्या गौरवग्रंथात माझ्यावर एक लेख आहे. त्याचं शीर्षक आहे, 'हरवलेली महाकृती'. तो मी दोनदा वाचला. चांगला आहे.

आमचा संगणक तेवढा दर शनिवारी बंद होतो. कुमुद करते. भिंतीवरून नाही, नीट क्रमाने, कोल्ह्याकडून शिकून आली. तो अगदी झकास चालतो. दही मात्र आता पूर्वीसारखं लागत नाही. आणि बंद करताना दर वेळी ती मला विचारते, "काही लिहिलं असेल तर आधी नाव देऊ का?" मी म्हणतो, "आज विशेष काही नाही."

तात्पर्य : संगणक आठवड्यातून एकदा अवश्य बंद करावा. ज्याला मोठा लेखक म्हणून राहायचं आहे, त्याने तो पुन्हा चालू करू नये.